राखणदाराची तांबडी

लालबागच्या घुशी मांजराला भीत नाहीत. मांजरंच त्यांना वाट देतात, वर शेपूट सांभाळून चालतात. चाळीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, मग अख्खा संसार इथे केलेल्या जाईबाईला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? खुराड्याच्या बुडाची फरशी हलतेय हे तिला आदल्या संध्याकाळी दिसलं होतं. पण मार्च महिना, मसाल्याचा सीझन, दिवसभर मसाला कुटायच्या डंखावर मिरच्यांचे देठ खुडून कंबरेचा काटा ढिला झालेला. "उद्या बघू," म्हणाली आणि आडवी झाली. झालं. घुशीला उद्या-परवा नसतं.

सकाळी मागचं दार उघडलं तर परडंभर तांबडी पिसं.

परडं म्हणायचं ते जाईबाईनेच. बाकी चाळ त्याला गटाराची बाजू म्हणते. तळमजल्यावरच्या तिच्या खोलीमागे, चाळीची भिंत आणि बंद मिलचं कंपाउंड यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी. तिथे तिने डब्यात तुळस लावली, फुटक्या पिंपात अळू लावलं, आणि गावाहून पिशवीतून आणलेल्या एवढ्याशा पिलाची चांगली डौलदार कोंबडी केली. कुडाळकडच्या बाईला घरामागे परडं नसेल तर तिला अन्न गोड लागत नाही.

तांबडी खुराड्याच्या कोपऱ्यात पडली होती. एक पाय भलतीकडे वळलेला, पाठीवरची कातडी सोललेली, पंख लोंबतोय. डोळा मात्र उघडा. त्या एका डोळ्याने ती जाईबाईकडे बघत होती, आणि जाईबाईला वाटलं, ही विचारतेय, काय गो, उद्या बघतलंय म्हणालेलंस ना?

"काय झालं गं मावशी?" वरच्या गॅलरीतून विकास ओरडला. दात घासत होता. खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "अरेरे. ही काय राहत नाय आता. आजच सुरी फिरव, वाया नको घालवू. वड्यांचं पीठ मी आणतो."

"हात लावून दाखव रे मेल्या! तुझेच वडे तळीन!"

विकासने मुकाट्याने चूळ भरली.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. त्याला माहीत नव्हतं. ही कोंबडी कापायची नव्हती. म्हणजे कापायचीच होती, पण इथे नव्हे, आणि आत्ता नव्हे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास दौलतच्या छातीत कळ आली. दौलत म्हणजे जाईबाईचा नवरा. मिल होती तोवर कापडाच्या साच्यावर, मिल गेल्यावर एका बँकेच्या दारात वॉचमन. डोकं दुखलं म्हणून कधी रजा घेतली नाही असा गडी, तो पिठाच्या गोणीसारखा आडवा झाला. परळच्या एका हॉस्पिटलात त्याची छाती उघडली. मुलगा मस्कतला, विमानाचं तिकीट शोधतोय. बाहेर बाकावर जाईबाई, आणि तिच्याबरोबर डंखावरची मैत्रीण आणि शेजारीण कमलाबाई. आत काय चाललंय ते कुणी सांगेना. शेवटी जाईबाईने गावाच्या दिशेला हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला नाव घेऊन हाक मारायची आणि काय ते तोंडावर बोलायचं. गावाकडे हे पुरुषांचं काम, पण बाकावर पुरुष कुठून आणायचा?

"बा राखणदारा म्हाराजा," ती म्हणाली, "माझो घोव जितो घराक येवंदे. माझ्या परड्यातली तांबडी कोंबडी तुका दितंय, रे म्हाराजा!"

आता गाऱ्हाण्याचा एक कायदा आहे. एकाने घालायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तसं कुणी म्हटलं नाही तर गाऱ्हाणं मध्येच लोंबकळतं, देवाकडे पोचतच नाही. कमलाबाई नवस मानत नाही. तिच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब, आणि मागणं कुणाकडेच नाही. तिने जाईचा हात घट्ट धरून ठेवला, पण तोंड उघडलं नाही. एवढ्यात बाकाच्या टोकाला एक अनोळखी म्हातारा आपल्या पेशंटचा थर्मास मांडीवर घेऊन पेंगत होता, तो डोळेही न उघडता खणखणीत बोलला, "व्हय म्हाराजा!"

कणकवलीचा असणार. मुंबईत हॉस्पिटलच्या कुठल्याही बाकावर एक कणकवलीचा असतोच. नवस पक्का झाला, दौलत जिवंत घरी आला, आणि मे महिन्यात गावी जाऊन तांबडी राखणदाराला द्यायची हे ठरलं. वाडीच्या शीमेवर राखणदाराचा दगड आहे, तिथे.

म्हणून त्या सकाळी जाईबाईने पहिला फोन लावला तो गावी, शांताला. शांता म्हणजे दौलतची थोरली बहीण, गावचं घर आणि गावचे देव दोन्ही सांभाळणारी.

"लुळीपांगळी कोंबडी देवाक देतलंस?" शांता फोनवरच कडाडली. "व्यंग देवाक चलना नाय, म्हायत नाय तुका? आणि तिच्या बदल्यात दुसरी म्हणशीत, तर तां व्हवचा नाय. बोललेली ती बोललेली."

"आणि वन्सं, मेली तर?"

शांताने फोन ठेवला. शांताने फोन ठेवणं तिच्या कडाडण्याहून वाईट.

कॉटवर बसलेल्या दौलतने सगळं ऐकलं. हॉस्पिटलातून आल्यापासून तो त्या कॉटवरच होता. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून बजावलेलं, पण हा छातीवर हात ठेवून बसलेला. हात काढला तर टाके उसवतील अशी त्याला भीती. संडासाला जायचं तरी जाईबाईचा खांदा लागायचा. तो म्हणाला, "जाये, तिच्या जिवाच्या बदल्यात माझो जीव मागितलंस तू. ती अशीच गेली की मी पण गेलंय."

"काय तरी बोलू नकात! मरूक दितंय की काय मी तिका?"

असं म्हणाली आणि उठली. बाईचा स्वभाव असा, की घाबरली की कामाला लागते. डंखावरून आणलेली हळद होती, अस्सल सेलमची. तिने ती मूठमूठ घेऊन जखमेत भरली, वांग्यात मसाला भरावा तशी. भरता भरता लक्षात आलं, अगो बाय, हात! सीझनमध्ये जाईबाईच्या हाताचं तिखट साबणाने जात नाही की चिंचेने जात नाही. चुकून डोळ्याला बोट लागलं तर बाई तासभर रडते. ती बोटं तिने उघड्या मांसात घातली होती. आता ही किंचाळणार म्हणून तिने मान आवळली.

तांबडी हूं की चूं नाही.

"संपली," जाईबाई मटकन खाली बसली. "हिका काय कळतच नाय आता."

"बसतेस काय? उठ." कमलाबाई दारात उभी होती. तिने टोपली आणली, त्यात जुनी साडी घातली, आणि दोघी जणी डंखाला दांडी मारून परळला जनावरांच्या दवाखान्यात. तिथली डॉक्टर पोरसवदा मुलगी, केस बांधलेले, आवाज मोठा. तिने टोपलीत बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मावशी, ही जखम आहे की भरली भाजी?"

तिने सगळी हळद धुऊन काढली. पाठीला टाके घातले, इंजेक्शन दिलं, पायाचं हाड जागेवर बसवून दोन बारक्या पट्ट्यांत बांधलं. जाईबाई खालमानेने म्हणाली, "डॉक्टरीणबाई, माझ्या हाताक मिरची होती. ती लागली तरी ही ओरडली नाही. म्हणजे गेल्यात जमा ना?"

डॉक्टर हसली. "पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही, मावशी. त्यांना ते कळत नाही."

जाईबाईने मान डोलावली, पण बाहेर आल्यावर कमलाबाईला म्हणाली, "कायतरीच! मिरची तिखट लागत नाय म्हणे. आपली समजूत घालत होती बिचारी."

डॉक्टरने दुसरंही एक सांगितलं होतं, आणि ते जाईबाईला पटलं होतं. पाय धरेल, जखम भरेल, पण खाल्लं तर. खाल्लं नाही तर कुणाच्या हातात काही नाही.

आणि तांबडी खाईना.

जाईबाईने तांदूळ दिले, बाजरी दिली, दुधात भिजवून पाव दिला, वाळका जवळा कुटून दिला. तांबडीने मान फिरवली. तुरा आधी लालभडक होता, तो शिळ्या बिटासारखा पडला. पाणी तेवढं चमच्याने चोचीत सोडलं की गिळायची. जाईबाई तिच्यासमोर फतकल मारून बसायची आणि दम द्यायची.

"आयक. मराचा नाय. माझ्या शब्दाचो प्रश्न आसा. नखरे बस झाले. गपचूप खा."

कोंबडी धमकीला बधत नाही. माणसासारखी ती लाजेकाजेस्तवही खात नाही. दौलत कॉटवरून बघायचा आणि त्याचंही जेवण तसंच राहायचं. दोन ताटं उष्टी. जाईबाईला रडू यायचं ते ती मोरीत जाऊन भांड्यांवर काढायची.

अशाच एका संध्याकाळी ती डंखावरून आली. दिवसभर बेडगीची पोती फोडली होती. पाय धुवायचंही त्राण नव्हतं. टोपलीजवळ भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटले. तर पदराला काहीतरी टोचलं. उंदीर म्हणून झटकणार, तर तांबडी. टोपलीतून मान लांब करून तिच्या पदराच्या चुणीत टिपत होती. टक. टक. काय टिपते म्हणून बघितलं तर मिरचीचं बी. देठ खुडताना बी सांडतं ते दिवसभर ओटीत साचतं, साडीच्या चुण्यांत अडकतं. तिखटजाळ बी, आणि ही बया ते शेंगदाण्यासारखं खातेय!

"अगो भवाने!" जाईबाई हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. "डॉक्टरीण खरा बोलत होती गो! अवो, बघितलास? खाल्ल्यान! तिना खाल्ल्यान!"

दौलत कॉटवरून उठला. कुणाचा खांदा न धरता उठला. हे त्याच्याही लक्षात आलं नाही आणि तिच्याही.

दुसऱ्या दिवसापासून डंखावरच्या सगळ्या बायका घरी जाताना पदर जाईबाईच्या पिशवीत झटकायला लागल्या. आधी नुसतं बी, मग बियांत कालवलेला भात, मग भातच. तांबडीला भाताची चटक मिरचीने लावली. लालबागची कोंबडी ती, बिनतिखटाचं जेवेलच कशाला?

पण डॉक्टरने ऊनही सांगितलं होतं. सकाळचं कोवळं ऊन, रोज. त्या वेळी जाईबाई कामावर.

"तुमी न्हेवा तिका परड्यात," ती दौलतला म्हणाली.

"माका जमाचा नाय. टोपली उचलूची म्हणजे छातीर जोर येता."

"टोपली कित्याक? कोंबडी उचला. तिचा वजन तुमच्या उशीपेक्षा कमी."

"पडलंय तर?"

जाईबाईचं डोकं फिरलं. "मग मरा दोगांव!" म्हणाली, आणि दार आपटून निघाली. डंखावर पोचेपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत होती. असं कुणी बोलतं का आजारी माणसाला? दुपारी जेवणाच्या सुट्टीत धावत घरी आली. कॉट रिकामी. मागे जाऊन बघते तर दौलत परड्यात पाटावर बसलेला, मांडीवर तांबडी, डोक्यावर छत्री. छत्री स्वतःसाठी नव्हती. वर कावळे घिरट्या घालत होते, त्यांच्यासाठी होती.

"सकाळपासून हयच बसलास?"

"कावळे लय माजलेत," दौलत म्हणाला. "एकट्या सोडून कसा जावचा?"

तेव्हापासून दौलत रोज परड्यात. आधी भिंत धरून, मग भिंत सोडून. तांबडीच्या पट्ट्या सुटल्या तशी ती त्याच्यामागून लंगडत चालायला लागली. मग ती पुढे आणि हा मागे. तिला एकीकडे अळू खायचं असायचं, दुसरीकडे गांडुळं उकरायची असायची, आणि हा छत्री घेऊन तिच्यामागे. वरच्या गॅलरीतून विकास म्हणायचा, "काका, कोंबडीची सिक्युरिटी लागली काय तुम्हाला?" "व्हय तर," दौलत म्हणायचा, "बँकेपेक्षा बरी ड्युटी."

छातीवरचा हात कधी निघाला ते कळलंच नाही. कारण त्या हातात आता छत्री होती.

एप्रिलच्या शेवटी त्याने नवीन खुराडं बांधायला घेतलं. खाली लादी, लादीवर सिमेंट, चारी बाजूंनी जाड जाळी, दाराला खिटी. घुशीच्या सात पिढ्या आल्या तरी दात तुटतील असं. जाईबाई बघत राहिली.

"अवो, पण ही तर मे महिन्यात जातली. एवढा पक्का घर कोणासाठी?"

"असांदे," दौलत म्हणाला, आणि सिमेंट सारखं करत राहिला.

तांबडी बरी झाली. उगाच बरी नव्हे, धडधाकट. पाठीवर नवी पिसं आली, ती जुन्याहून चकाकती. पाय असा बसला की लंगड शोधून सापडू नये. एका सकाळी नव्या खुराड्यात अंडं घातलं आणि मिलच्या कंपाउंडपलीकडे ऐकू जाईल एवढं कोकलली. जाईबाईने ते अंडं ओंजळीत घेऊन कमलाबाईचं दार ठोठावलं.

"बघ! घुशीच्या तोंडातून काढली मी तिला. बघितलंस?"

"बघितलं," कमलाबाई म्हणाली. "लय केलंस जाई. मी तर आशा सोडलेली. आता?"

"आता काय? शनिवारची गाडी. गावी जायचं, राखणदाराला द्यायची. शब्द दिलाय."

कमलाबाईने अंडं हातात घेतलं, परत दिलं. "शब्द तुझा," ती म्हणाली, "आणि मान तिची?"

जाईबाईला भयंकर राग आला. तुला काय कळतंय, तुझा नवरा धडधाकट आहे, तू बाकावर माझ्या जागी बसली असतीस म्हणजे कळलं असतं, असं सगळं तोंडापर्यंत आलं. ती तशीच मागे फिरली. पुढचे दिवस डंखावर दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. पण बोल रुतला होता. रात्रंदिवस राबून जीव वाचवला तो कशासाठी, तर धड मानेवर सुरी पडावी म्हणून. लंगडी राहिली असती तर जगली असती. हे जाईबाईला आधीपासून कळत होतं. कळत होतं म्हणून तर राग आला. पण शब्द मोडायचा आणि उद्या दौलतच्या छातीत पुन्हा कळ आली तर? तेव्हा कुठल्या तोंडाने हात जोडायचे? आपल्या माणसापेक्षा कोंबडी जास्त झाली का? नाही. मग द्यायची. तिने दात आवळले. बॅग भरली, भोकं पाडलेला खोका आणला, तळाला आपली मऊ साडी घातली. दौलत बघत होता.

शनिवारी गाडी संध्याकाळची होती. मालकाला सांगून जाईबाई लवकर निघाली. सीझन संपत आलेला, तरी पदर बियांनी भरलेला. आज झटकायला नको, ती म्हणाली स्वतःशीच, वाटेत खाईल. आणि वाट म्हटल्यावर तिने पदर घट्ट खोचला.

घरी आली तर कॉट रिकामी, खोका रिकामा. बॅग होती तशीच. तिने मागचं दार लोटलं आणि उंबऱ्यावरच थांबली.

दौलत आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून परड्यात उभा होता. पाठ तिच्याकडे. तोंड गावाकडे, म्हणजे मिलच्या भिंतीकडे. हातात नारळ, पायाशी तांबडी. आणि तो गाऱ्हाणं घालत होता. सहा महिने त्याचा आवाज खोलीच्या दाराबाहेर गेला नव्हता, तो आज भिंतीवर आपटून परत येत होता.

"बा राखणदारा म्हाराजा! तू आमच्या वाडीचो धनी. खांद्यार घोंगडी टाकून, हातात काठी घेवन शीमेर फिरतस, म्हणान आमची पोरांटोरां सुखान निजतत. माझ्या बायलेन माझ्या जिवासाठी तुका ह्या तांबडीचो शब्द दिल्यान. खरो दिल्यान. तिचो काय दोष नाय. ती आजव शब्द मोडूक तयार नाय, बॅग भरून बसली हा. पण शब्द माझ्या जिवासाठी हुतो, तर आता बोलतलंय मी.

"ह्या मुक्या जनावराक घुशीन फाडल्यान, पण तिना जीव सोडूक नाय. आणि मी पुरुषमाणूस छाती धरून कॉटीर बसलंय. तिका उन्हात न्हेता न्हेता मी चलाक शिकलंय. जिच्या पाठसून चललंय तिची मान मोडून मी जगाचा, ह्या माका जमाचा नाय, म्हाराजा. तुझी वस्तू मी लपवन ठेवनंय नाय. ही तुझीच. पण जिती तुझी. तुझ्या नावान ही हयच रवतली, माझ्या घरात हिच्यार सुरी पडाची नाय. ह्यो नारळ गोड मानून घे. आणि तुका राग इलोच, तर तो माझ्यार काढ. माझ्या छातीर काढ. पण माझ्या बायलेच्या शब्दाक खोटो म्हणू नको, रे म्हाराजा!"

आणि तो थांबला.

व्हय म्हणायला परड्यात होतं कोण? तुळस, अळू आणि तांबडी. तांबडीने मान वर करून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा माती उकरायला लागली. मागे जाईबाई उभी आहे हे दौलतला माहीत नव्हतं. तो तसाच हात पुढे करून उभा होता. गाऱ्हाणं लोंबकळत होतं.

"रे म्हाराजा!" तो पुन्हा म्हणाला.

जाईबाईने दाराची चौकट धरली. माझ्या छातीर काढ, म्हणाला हा माणूस. टाक्यांचा व्रण अजून लाल आहे त्याच छातीवर. त्यावर 'व्हय' म्हणायचं म्हणजे स्वतःच्या तोंडाने देवाला वाट दाखवायची. आणि नाही म्हटलं तर हा इथे असाच उभा राहणार, हात पुढे करून, आणि त्याचं ऐकायला जगात कुणी नाही. हॉस्पिटलच्या बाकावर ती अशीच बसली होती. तेव्हा एक परका म्हातारा तरी भेटला होता.

देवा, तिने मनात म्हटलं, राग काढायचा तर दोघांवर काढ. एकट्याला नको गाठू.

आणि छाती भरून ओरडली, "व्हय म्हाराजा!"

दौलत दचकून वळला. त्याने काही बोलायच्या आत वरच्या गॅलरीतून विकास ओरडला, "व्हय म्हाराजा!" त्याच्या पलीकडच्या मोरीतून कुणीतरी, अंगाला साबण लावलेला असणार, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या माळ्यावरून एक म्हातारी, तिच्या शेजारचा टीव्हीसमोरचा, सगळी मागची बाजू. कसलं गाऱ्हाणं, कुणाचं, एकालाही ठाऊक नव्हतं. पण कानावर पडल्यावर गप्प राहील तो कोकणातला कसला? शेजारच्या खिडकीत कमलाबाई उभी होती. ती काही म्हणाली नाही. तिने पदराने डोळे पुसले, बस.

दौलतने नारळ दगडावर फोडला. एकाच फटक्यात, आणि छातीला हात न लावता.

"गाडी चुकतली," तो हळूच म्हणाला. "शांताक काय सांगूचा?"

"जिती दिली म्हणान सांगा," जाईबाई म्हणाली. "मी बोलतंय वन्सांशी. त्यांका भिवची माका सवय नाय."

ती खाली बसली. तांबडी दोन्ही पायांवर डुलत आली आणि तिच्या पदरात चोच घालून मिरचीचं बी टिपायला लागली. जाईबाई तशीच बसून राहिली, तिचं वेचून होईपर्यंत.